वेशीपाशी अडलेला खेळ : ‘बाल्डर्स गेट’ची रद्द झालेली कन्सोल-रूपं

‘बाल्डर्स गेट’ या खेळाला ज्या शहराचं नाव आहे, त्या शहरात शिरायला खेळाडूला पाचव्या प्रकरणापर्यंत थांबावं लागतं. त्याआधी तो रानोमाळ हिंडतो, खाणीत उतरतो, दरोडेखोरांच्या तळावर जातो. शहराची वाट मात्र बंदच. कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांच्या, दुनियेत या खेळाचं स्वतःचंही तेच झालं. डिसेंबर १९९८ मध्ये तो पीसीवर आला, गाजला, २० लाखांहून जास्त प्रती खपल्या. सोनीच्या प्लेस्टेशनसाठी त्याची आवृत्ती करायला घेतली गेली आणि रद्द झाली. सेगाच्या ड्रीमकास्टसाठीही ठरली, तीही रद्द झाली. मूळ खेळ कन्सोलवर रीतसर विकत मिळू लागला तो थेट २०१९ साली.

रद्द झालेल्या पोर्टबद्दल (एका यंत्रावरच्या खेळाची दुसऱ्या यंत्रासाठी केलेली आवृत्ती म्हणजे पोर्ट) दोन ठरलेली उत्तरं मिळतात: ‘मशीनला झेपलं नसतं’ आणि ‘कंपनीकडचे पैसे संपले’. इथे दोन्ही अर्धी अर्धी खरी आहेत. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणाने. ज्या गोष्टींमुळे हा खेळ कन्सोलवर नेणं अवघड झालं, त्याच गोष्टींमुळे तो मोठा ठरला होता. त्यातलं जग काही विसरत नाही, आणि एकदा दाखवलेलं रान दुसरीकडे पुन्हा चिकटवत नाही.

डॉक्टरांची कंपनी

हा खेळ बनवणारी बायोवेअर कंपनी १९९५ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहरात सुरू झाली. संस्थापकांपैकी रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप हे तिघे पेशाने डॉक्टर. आधी वैद्यकीय शिक्षणासाठी सॉफ्टवेअर करून झालेलं, पण ओढा खेळांकडे. त्यांचा पहिला खेळ ‘शॅटर्ड स्टील’ १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या इंटरप्ले कंपनीने बाजारात आणला. त्यात अवाढव्य यंत्रमानव एकमेकांवर गोळीबार करायचे. आज त्याची आठवण फार कुणाला नाही.

त्यानंतर त्यांनी ‘बॅटलग्राउंड इन्फिनिटी’ नावाचा एक नमुना तयार करून दाखवायला सुरुवात केली. इंटरप्लेतल्या फीअर्गस अर्कहार्ट यांनी तो पाहिला. इंटरप्लेकडे तेव्हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा परवाना होता. या इंजिनाला (खेळ चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) या परवान्याची जोड द्या, असं त्यांनी सुचवलं. नमुन्याच्या नावातला ‘इन्फिनिटी’ इंजिनाला चिकटला, आणि पुढे त्याच इंफिनिटी इंजिनावर ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ आणि ‘आइसविंड डेल’ही बेतले गेले.

ज्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, फासे असतात, आणि एक जण सूत्रधार असतो. तो जग उभं करतो, पात्रांना अडवतो, आणि मुख्य म्हणजे लक्षात ठेवतो. तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी सराईच्या मालकाशी उद्धटपणे वागला होता, हे त्याला आठवत असतं. खोलीतल्या पेटीत तुम्ही तलवार ठेवून गेलात, तर ती तिथेच सापडते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संगणकावरचे या पठडीतले खेळ संपल्यात जमा आहेत, असं अमेरिकेतल्या खेळ-पत्रकारितेत बरंच बोललं जात होतं. तेव्हा बायोवेअरने हा लक्षात ठेवणारा सूत्रधार पीसीत बसवायचं ठरवलं.

खेळाची सुरुवात होते ‘कँडलकीप’ या तटबंदीतल्या ग्रंथालयापासून. बाहेरच्याला आत यायचं तर एखादं मौल्यवान पुस्तक भेट द्यावं लागतं. (ही अट मला फार आवडते. आपल्याकडच्या काही वाचनालयांनी विचार करायला हरकत नाही.) तिथे वाढलेल्या पोराला एका रात्री पालकासोबत घाईने बाहेर पडावं लागतं, पालक मारला जातो आणि पोर उघड्यावर पडतं. वाटेत २५ जण त्याचे सोबती होऊ शकतात; एका वेळी टोळीत मात्र सहाच मावतात. प्रदेशात लोखंडाचा तुटवडा आहे आणि जे आहे ते ठिसूळ निघतंय, म्हणून हातातली तलवार ऐन लढाईत मोडते. कथेतलं संकट असं थेट खेळाडूच्या मुठीत येऊन तुटतं. लढाई चालू असते, पण स्पेसबार दाबला की सगळं थिजतं; सहाही जणांना निवांत हुकूम द्यायचे, पुन्हा स्पेसबार दाबायचा.

२४ एमबीचं माळरान

आता घोडं कुठे अडलं ते पाहू, आणि त्यासाठी थोडा हिशेब मांडू.

इंफिनिटी इंजिनात प्रत्येक ठिकाणाची जमीन म्हणजे आधी संगणकावर रचून तयार केलेलं एक भलंमोठं चित्र. ते ६४ × ६४ पिक्सेलच्या चौकोनी फरश्यांमध्ये कापून ठेवलेलं असतं. प्रत्येक फरशीला स्वतःची २५६ रंगांची पेटी. फरशीचे पिक्सेल ४,०९६ बाइट्स आणि रंगपेटी १,०२४ बाइट्स, मिळून ५,१२० बाइट्स. गावाबाहेरचं एखादं मोठं ठिकाण ८० फरश्या रुंद आणि ६० फरश्या उंच, म्हणजे एकूण ४,८०० फरश्या. गुणाकार केला की २ कोटी ४५ लाख ७६ हजार बाइट्स होतात. साधारण २४ एमबी. हे झालं एक माळरान. चार झाडं, एक पडकं देऊळ, दहा-बारा लांडगे. अशी ठिकाणं खेळात डझनावारी आहेत, आणि पूर्ण खेळ पाच सीड्यांवर पसरलेला होता.

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती २ एमबी. चित्रासाठी वेगळी १ एमबी, आवाजासाठी अर्धा एमबी. सीडी दुप्पट वेगाने फिरायची आणि सेकंदाला सुमारे ३०० केबी वाचायची. त्या वेगाने वरचं एक माळरान पूर्ण वाचायचं म्हटलं तर ८० सेकंद लागतात, आणि वाचून ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

पीसीची स्थितीही फार श्रीमंतीची नव्हती. खेळाच्या खोक्यावर किमान गरज लिहिलेली होती ती १६६ मेगाहर्ट्झचं पेंटियम आणि १६ एमबी रॅम. त्यातही २४ एमबीचं चित्र मावत नाही, मग पीसीला कसं जमलं? पीसीजवळ हार्ड डिस्क होती. घरातली उपमा द्यायची तर रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा आणि सीडी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. ओटा लहान असला तरी लागेल ते माळ्यावरून पटकन काढता येतं. प्लेस्टेशनच्या घराला माळाच नव्हता. मोहरी लागली की चप्पल घालून दुकानात जा, हळद लागली की पुन्हा जा.

इथे कुणी म्हणेल, सगळं माळरान एकदम कशाला हवं? पडद्यावर दिसतं तेवढंच आणा. बरोबर आहे. ६४० × ४८० च्या पडद्यावर एका वेळी फार तर ९९ फरश्या डोकावतात, म्हणजे सुमारे पाच लाख बाइट्स. २ एमबीत हे बसतं. टीव्हीसाठी चित्र लांबी-रुंदीत निम्मं केलं तर आणखी हलकं होतं. टोळी शांतपणे एका दिशेने चालत असेल तर पुढची रांग आणत राहायची, मागची टाकून द्यायची. पण हा खेळ कुणी तसा खेळत नाही. खेळाडू नकाशा उघडतो, दुसऱ्या टोकावर टिचकी मारतो, पडदा तिकडे उडी घेतो. चोराला पुढे टेहळणीला पाठवलेलं असतं आणि बाकीचे पाच मागे झाडीत उभे असतात. त्याच्या चेहऱ्यावर टिचकी मारायची, मग यांच्या. प्रत्येक उडीला सीडीवरचा लेझर नवी जागा शोधत फिरणार. बरं, लेझर एकच. संगीत त्याच सीडीवर, सोबत्यांचे आवाज त्याच सीडीवर, लांडग्यांच्या हालचालींची चित्रंही तिथलीच.

‘फायनल फँटसी ७’ने १९९७ साली याच प्लेस्टेशनवर आधी रचलेल्या देखण्या चित्रांवर अख्खा खेळ उभा केला होता, तोही तीन सीड्यांवर. त्यामुळे तंत्र अनोळखी होतं असं नाही. पण तिथे कॅमेरा कुठे असणार ते दिग्दर्शकाने ठरवलेलं. एका दारातून आत गेलात की एक चित्र, बाहेर आलात की दुसरं. सीडीही कथेच्या ओघाने बदलायची: पहिली संपली, दुसरी घाला. ‘बाल्डर्स गेट’मध्ये पहिल्या प्रकरणातल्या सराईत तुम्ही पाचव्या प्रकरणात पुन्हा मुक्कामाला जाऊ शकता, कारण त्या सराईतल्या पेटीत तुमचं चिलखत पडलेलं असतं. पीसीवरही पूर्ण खेळ हार्ड डिस्कवर उतरवला नाही, तर ‘आता अमुक नंबरची सीडी घाला’ असा निरोप वारंवार यायचा, आणि खेळाडू चरफडत उठायचे. माळा नसलेल्या घरात हे किती वेळा करावं लागलं असतं याचा अंदाज बांधा.

१९९८ साली प्लेस्टेशनवर आलेला ‘डायब्लो’ इथे हमखास दाखल्याला घेतला जातो. तोही पीसीचा, तोही वरून तिरका दिसणारा, आणि तो तर उत्तम जमला. पण ‘डायब्लो’ची तळघरं थोड्याच फरश्या पुन्हा पुन्हा जुळवून, दर वेळी नव्याने रचली जातात. भिंतीचे दहा-वीस तुकडे मेमरीत ठेवले की मैलभर भुयार तयार. नायक एक. थांबून विचार करायची गरज नाही; बटण दाबत राहा. म्हणजे वरवर सारखे दिसणारे हे दोन खेळ मेमरीच्या दृष्टीने एकमेकांच्या उलट आहेत.

पंधरा कप्प्यांची डायरी

चित्राचा प्रश्न कसाबसा सुटला असता. माझ्या मते खरी माशी शिंकली ती सेव्ह करण्यापाशी.

आपल्याकडे त्या काळात घरोघरी जो ‘व्हिडिओ गेम’ असायचा, त्यात ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट खोचायची, आणि आई जेवायला हाक मारेपर्यंत जिथवर पोचलो तिथवरचं सगळं बटण बंद करताच पुसलं जायचं. त्या मानाने प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड म्हणजे चैनच. पण ते होतं एकूण १२८ केबीचं. त्यात वापरायला १५ कप्पे, प्रत्येक कप्पा ८ केबी.

‘बाल्डर्स गेट’ची सेव्ह म्हणजे नुसती ‘कोण कितव्या पातळीवर आणि कुठे’ अशी नोंद नसते. तुम्ही पाऊल ठेवलेल्या प्रत्येक ठिकाणाची ताजी अवस्था ती दाबून-बांधून सोबत घेते. कोणतं दार उघडं, कोणतं फोडलेलं. कोणत्या पिंपात काय उरलंय. जमिनीवर कुठे बाणांचा जुडगा टाकलाय. नकाशाचा कोणता भाग बघून झालाय. दुकानदाराकडे तुम्ही विकलेली ढाल अजून आहे का. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, त्याची ही संगणकीय आवृत्ती. जितकं हिंडाल तितकं ओझं वाढत जातं. खेळ मध्यावर येईपर्यंत एकच सेव्ह शेकडो केबींची होते. आणि हा खेळ खेळणाऱ्या माणसाकडे एकच सेव्ह कधी नसते. सुरुवातीच्या पातळीवरचा जादूगार एका लांडग्याच्या चाव्यात मरतो. त्यामुळे दर दहा पावलांवर सेव्ह करायची सवय अंगवळणी पडते.

‘डायब्लो’सारख्या विसराळू खेळालाही प्लेस्टेशनवर एका सेव्हसाठी १५ पैकी १० कप्पे लागायचे, आणि लोक त्यावरून वैतागायचे. इथे उपाय एकच राहतो: जगाला विसरायला शिकवायचं. मेलेल्या दरोडेखोराची तलवार जमिनीवर राहणार नाही, सोडून आलेल्या पेटीची जबाबदारी आमची नाही, पाहिलेला नकाशा पुन्हा काळोखात जाईल. अभियांत्रिकी म्हणून हे शक्य आहे. पण सूत्रधाराला विस्मरणाचा आजार लावल्यावर टेबलावर उरतं काय?

बाकीच्या अडचणी मी भराभर सांगून टाकतो. माऊसऐवजी कंट्रोलर: सहा जणांना चौकटीत पकडून निवडणं, गर्दीतल्या एका उंदराएवढ्या शत्रूवर नेम धरणं हे अंगठ्याने कष्टाचं. प्लेस्टेशनसाठी माऊस मिळायचा, पण फार थोड्यांकडे होता. अक्षरं: संवाद भरपूर, आणि त्या काळच्या टीव्हीवर ४८० ओळींचं चित्र फडफडायचं, बारीक मजकूर वाचता वाचता डोळे चुरचुरायचे. आणि पीसीवर सहा जणांना नेटवर्कवरून एकत्र खेळता यायचं, तो सगळा भाग इथे बादच.

तरीही हे काम कागदावर राहिलं नाही. प्लेस्टेशनवर चालणारी चाचणी-आवृत्ती बनली होती. ती पुढे संग्राहकांच्या हातून इंटरनेटवर आली आणि आज तिचे व्हिडिओ पाहायला मिळतात. म्हणूनच ‘मशीनला झेपलंच नसतं’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. काहीतरी झेपत होतं. मात्र ते पूर्ण करून, चाचण्या करून, पाचाची सात-आठ होतील का या चिंतेसह सीड्या छापून, सोनीची मंजुरी घेऊन दुकानात ठेवायचं, आणि तेही २००० च्या सुमारास, जेव्हा प्लेस्टेशन २ दारात उभं होतं! खर्च नव्या खेळाएवढा आणि आयुष्य जुन्या मशीनएवढं. प्लेस्टेशनची आवृत्ती आली नाही हे खेळाच्या नावाच्या दृष्टीने बरंच झालं, असं मी म्हणेन.

ड्रीमकास्टची हळहळ

ड्रीमकास्टबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. हे मशीन नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आलं, म्हणजे ‘बाल्डर्स गेट’च्या महिनाभर आधी, आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत. वरच्या सगळ्या तक्रारी त्याला एकेक करून विचारून पाहा. मुख्य मेमरी १६ एमबी, पीसीच्या किमान गरजेएवढीच, आणि वर विंडोजचा भार नाही. चित्रासाठी वेगळी ८ एमबी. चकती सुमारे १ जीबीची, म्हणजे पाच सीड्यांचा संसार त्याहून कमी चकत्यांत बसावा. पीसीच्या मॉनिटरला जोडलं तर ६४० × ४८० चं न फडफडणारं चित्र, नेमकं खेळाला हवं तेवढंच. कीबोर्ड मिळायचा, माऊसही मिळायचा. बायोवेअरला हे मशीन परकंही नव्हतं. त्यांचाच ‘एमडीके २’ हा खेळ इंटरप्लेने २००० साली ड्रीमकास्टवर आणला.

अडचण उरते ती सेव्हची. ड्रीमकास्टचं मेमरी कार्डही १२८ केबीचं, वापरायला मिळणारी जागा त्याहून कमी, सुमारे १०० केबी. म्हणजे डायरी इथेही तेवढीच.

आणि वेळ. मार्च २००० मध्ये जपानात आणि ऑक्टोबरात अमेरिकेत प्लेस्टेशन २ आलं. सप्टेंबर २००० मध्ये ‘बाल्डर्स गेट २’ पीसीवर आला आणि पहिला भाग रातोरात म्हातारा दिसू लागला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने जाहीर केलं की ड्रीमकास्टचं उत्पादन मार्चअखेर थांबेल. घर नीट होतं, पण घरमालकच गाव सोडून चालला होता. त्यात पोर्ट पूर्ण करायला कुणी पैसे घातले असते असं मला वाटत नाही, आणि घालायला हवे होते असंही नाही.

नाव पुढे गेलं

इंटरप्लेकडे घालायला पैसे होते कुठे? १९९८ च्या जूनमध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, पण तोटा थांबेना. १९९९ मध्ये फ्रान्सच्या टायटस कंपनीने मोठा हिस्सा घेतला, २००१ मध्ये ताबाच घेतला, आणि २००२ च्या सुरुवातीला संस्थापक ब्रायन फार्गो बाहेर पडले. अशा घरात कुठला प्रकल्प जगवायचा हा निर्णय कलेचा राहत नाही. या तिमाहीत कशाचे पैसे येतील, एवढंच विचारलं जातं.

त्या विचारातून डिसेंबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर ‘बाल्डर्स गेट : डार्क अलायन्स’ आला. बनवला होता स्नोब्लाइंड स्टुडिओजने. तीन ठरलेली पात्रं: धनुर्धर वान, बुटका लढवय्या क्रोमलेक आणि जादूगारीण एड्रियाना. एक किंवा दोन खेळाडू, एकच पडदा, तळघरं, राक्षस, लूट, पुन्हा तळघरं. थांबून विचार करायचा स्पेसबार नाही, सहा जणांची भांडणं नाहीत, पंचवीस सोबती नाहीत. पाण्यातून चालताना उठणारे तरंग बघून लोक चाट पडायचे, आणि ते तरंग खरंच अप्रतिम होते. खेळ चांगला आहे. मीही तो आवडीने संपवला आहे. फक्त तो ‘बाल्डर्स गेट’ नव्हे. त्याचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो ‘डायब्लो’ आहे.

गंमत पाहा. ज्या शहरात शिरायला पीसीच्या खेळाडूला चार प्रकरणं तंगडतोड करावी लागली, त्या शहरातच ‘डार्क अलायन्स’ सुरू होतो. कन्सोलवाल्यांसाठी वेस पहिल्याच मिनिटाला उघडी, कारण आत नेण्यासारखं सोबत काही उरलेलं नव्हतं. इंटरप्लेने इथे जे शोधून काढलं ते व्यापाराच्या दृष्टीने बिनचूक होतं: नावाला मेमरी लागत नाही. पोर्टची सगळी डोकेदुखी टाळून नाव एकट्याला पुढे पाठवता येतं. पुढच्या वर्षी ‘डार्क अलायन्स’ एक्सबॉक्स आणि गेमक्यूबवर आला. कन्सोलवर वाढलेल्या एका अख्ख्या पिढीसाठी ‘बाल्डर्स गेट’ म्हणजे हाच, आणि अजूनही त्यांच्याशी बोलताना आधी ‘कुठला?’ हे विचारून घ्यावं लागतं.

मग चक्र उलटं फिरलं. बायोवेअर रॉयल्टीच्या थकबाकीवरून इंटरप्लेपासून दुरावली. इंटरप्लेच्याच ब्लॅक आइल स्टुडिओत पीसीसाठी तिसरा भाग, ‘द ब्लॅक हाउंड’, घडत होता; २००३ मध्ये इंटरप्लेच्या हातून पीसीसाठीचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ परवाना गेला आणि हा तिसरा भाग रद्द झाला. डिसेंबर २००३ मध्ये ब्लॅक आइल बंद. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००४ मध्ये, ‘डार्क अलायन्स २’ मात्र कन्सोलच्या दुकानांत हजर. पाच वर्षांपूर्वी पीसीचा खेळ कन्सोलवर जाऊ शकत नव्हता. आता पीसीवरच त्याला जागा उरली नव्हती आणि कन्सोलवर त्याचं नाव लावलेला खेळ विकला जात होता.

माळा बांधल्यावर

मूळ खेळाला दुसरं आयुष्य दिलं ते एडमंटनच्याच लोकांनी. ट्रेंट ऑस्टर आणि कॅमेरॉन टोफर हे बायोवेअरचे जुने सहकारी. त्यांच्या बीमडॉग कंपनीने जुना सोर्स कोड मिळवला. पण ज्या त्रिमितीय रचनांवरून ती सगळी माळरानं चित्रित झाली होती, त्या मूळ फाइली हाती लागल्या नाहीत. त्यामुळे चित्रं नव्याने मोठ्या आकारात काढणं शक्यच नव्हतं. १९९८ च्या त्याच फरश्या नव्या पडद्यांवर ताणून बसवाव्या लागल्या. ‘एन्हान्स्ड एडिशन’ नोव्हेंबर २०१२ मध्ये पीसीवर आली आणि लगेच पुढच्या महिन्यात आयपॅडवर. बोटाच्या स्पर्शाने खेळता येतो हे सिद्ध झालं तेव्हाच माऊसचा मुद्दा निकालात निघाला होता. मधे २०१३ मध्ये करारावरच्या वादामुळे काही आठवडे विक्रीच थांबली. हक्क एकाकडे, कोड दुसऱ्याकडे, परवाना तिसऱ्याकडे, अशी वडिलोपार्जित जमिनीसारखी स्थिती. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात तसं.

२०१९ मध्ये स्कायबाउंड गेम्सने हीच आवृत्ती प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेंडो स्विचवर आणली. कंट्रोलरच्या स्टिकने टोळी थेट चालवता येते. स्विचमध्ये ४ जीबी मेमरी आहे, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनच्या दोन हजारपट. सेव्ह किती केबींची आहे हे आता कुणी विचारत नाही. मी स्विचवर कँडलकीपमधून बाहेर पडलो तेव्हा सराईच्या पेटीत मुद्दाम एक मोडकी तलवार ठेवली, आणि वीसेक तासांनी परत जाऊन पाहिलं. होती.

मेमरीचं भांडण इथे मिटलं असं वाटत असतानाच तिसरा भाग आला. बेल्जियमच्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरात प्लेस्टेशन ५ वर आला. एक्सबॉक्सवर मात्र येईना. मायक्रोसॉफ्टची दोन मशीनं होती: १६ जीबी मेमरीचं सिरीज एक्स आणि १० जीबीचं सिरीज एस. दोन्हींवर सारख्याच सोयी मिळाल्या पाहिजेत असा दंडक. आणि या खेळात एकाच टीव्हीवर पडदा दुभंगून दोघांना खेळता येतं. एक जण घाटावर भांडतोय, दुसरा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी तळघरात शिरलाय, आणि दोन्ही जागा एकाच वेळी मेमरीत जाग्या ठेवायच्या. चोर पुढे आणि पाच जण मागे, हाच तो जुना पेच. सिरीज एसला ते जमत नव्हतं.

या वेळी इंटरप्लेसारखी कडकी नव्हती. खेळ तुफान खपत होता, त्यामुळे दंडकालाच मुरड घातली गेली: सिरीज एसवर दुभंग-पडद्याशिवाय चालेल. डिसेंबर २०२३ मध्ये खेळ एक्सबॉक्सवर आला. लॅरियनचे लोक मेमरी वाचवत राहिले, आणि एप्रिल २०२५ मधल्या आठव्या पॅचने (खेळातल्या सुधारणेने) सिरीज एसवरही पडदा दुभंगू लागला.